पाठचा कागद

खिळे सोळा होते. पंधरा गंजलेले, एक जरा नवा.

येवस्तोलिया पाव्लोवनाने पेटी आणली
बटाट्याच्या पोत्यात गुंडाळून,
उस्त-येल्माहून चार तास बसमध्ये मांडीवर धरून.
आत देवमाता. चेहरा छापील, बाकी सगळं घरचं:
चहाच्या पुड्यांची चांदी, मेणात बुडवलेली कागदी फुलं,
आणि एक माशी, कधीची मेलेली,
तिच्याही पंखाला सोनेरी भुकटी.
"काच तेवढी पुसून द्या. बाकी उघडू नका."

पण काच आतून पुसायची तर
मागची फळी काढावीच लागते.

फळी निघाली, आणि हा दिसला.
पोट सुटलेला पाद्री, दाढीत उवांसारखी नाणी,
एका हातात बाटली, दुसऱ्यात कुणा म्हातारीची कोंबडी.
मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर
बत्तिशी दाखवत हसणारी पोरगी.
साल तीस. किंमत पंधरा कोपेक.
खाली बारीक अक्षरांत: फाडणाऱ्यावर कारवाई होईल.

कुणी फाडला नव्हता.
कडा कापून बेताचा केला होता,
तिच्या पाठीशी लावला होता, ओल लागू नये म्हणून.
जाड कागद. त्या दिवसांत दुसरा होता कुणाकडे?

इतकी वर्षं दोघं अशीच, पाठीला पाठ लावून,
सख्खी भावंडं असावीत तशी.
ओल सगळी त्याने घेतली.
बुरशी उगवली ती त्याच्या पोटावर;
तिच्या गालावर डाग नाही.

म्हणावंसं वाटतं की चित्रकार आधी देवादिकांची चित्रं काढायचा,
बोटांवरून कळतं वगैरे.
नाही. बोटं वाईट काढलीत.
ट्रॅक्टर मात्र चांगला आहे.

मग दिवा जवळ आणला तेव्हा
पाद्रीच्या डोळ्यांवर चष्मा दिसला.
छापील नव्हे. पेन्सिलीचा, एका काडीला दोरा बांधलेला.

फोन लावला. पलीकडे बराच वेळ किटली वाजत राहिली.
"आईने काढलाय," ती म्हणाली. "चौदा वर्षांची होती.
वाचनघरातून तिला दिला होता, देवळाच्या दारावर लावायला.
आमचे फादर फिओफिलाक्त काटकुळे होते हो,
झगा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा.
चित्रावरून कुणाला ओळखू आले नसते.
चष्मा काढला, आणि सगळी पोरं हसली.
त्या डिसेंबरात त्यांना नेलं."

किटली कुणीतरी उतरवली.

"नवा खिळा माझा. आई गेली त्या रात्री उघडून पाहिलं,
परत ठोकून टाकलं."

शहरात हाच पाद्री चुंबकावर मिळतो,
फ्रिजला चिकटवायला, तीनशे रुबल. चष्म्याशिवाय.
आमच्या दुरुस्त केलेल्या देवळाच्या फाटकावरही
आता एक मोठं रंगीत पोस्टर आहे.
त्यात पोटं दुसऱ्यांची सुटलेली आहेत,
नाणी दुसऱ्यांच्या दाढीत.
लाल तोच. बहुधा छापखानाही तोच.

मी विचारलं, खोडू का? पेन्सिल आहे, निघेल.

"आईनेही करून पाहिलं होतं," ती म्हणाली,
"रबर नव्हतं. पावाच्या गाभ्याने घासायची.
उपासमारीच्या साली. आजीने मारलं तिला,
पाव वाया घालवला म्हणून."

दिवा तिरका धरला.
डाव्या काचेभोवती कागद पिंजला होता,
गोल गोल, वाटीएवढ्या जागेत नव्हे, बोटाच्या पेराएवढ्या.
रेघ तशीच होती. उलट जरा ठसठशीत.

बुरशी झटकली. काच पुसली, दोन्ही बाजूंनी.
माशी राहू दिली.
कागद होता तिथे ठेवला, आणि फळीवर
सोळाही खिळे जुन्याच भोकांत बसवले.

शेवटचा थोडा वाकडा गेला.